काळ्या गाडीवरचं जाळं

चिंचवडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घेतली, काळी सेदान. वडील निवृत्त आहेत. रोज सकाळी फिरून आले की ते पिवळं फडकं घेतात आणि गाडी लख्ख पुसून काढतात; तीन वर्षांत त्यात खंड नाही. सावलीत गाडी नवीकोरी दिसते, पण ऊन पडलं की बॉनेटवर, छतावर, दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उमटतात. मागचं डावं दार एकदा रिक्षा घासली म्हणून नव्याने रंगवलेलं आहे. पितृपक्षात वडील आठ दिवस गावी जाणार आहेत. तेवढ्यात त्यांना न सांगता गाडी चकाचक करायची आणि दसऱ्याच्या पूजेला चकित करायचं, असा ताईंचा बेत आहे. त्यांच्यासमोर चार वाटा आहेत. भोसरीत फॅब्रिकेशनचं काम करणारा भाऊ म्हणतो, 'माझ्या ग्राइंडरला स्पंज लाव, फुकटात होईल.' ऑनलाइन एक गोल फिरणारं बफिंग मशीन २,८०० रुपयांना आहे. 'ड्युअल ॲक्शन' नावाचं मशीन ९,५०० ला. आणि गाडीचा रंग पॉलिश करून देणाऱ्या डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा संरक्षक थर, धरून २२,००० सांगितले आहेत. त्या विचारतात, 'जास्त वॉटचं मशीन घेतलं तर ओरखडे लवकर आणि कायमचे निघून जातील ना? मी आजवर साधं ड्रिलसुद्धा हातात धरलेलं नाही. मला जमेल का?'

ताई, भावाला आजच फोन करा आणि ग्राइंडर नको म्हणून सांगा. त्याच्या मनात माया आहे आणि लोखंडावर त्याचा हात बसलेला आहे, यात शंका नाही. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. गाडीच्या रंगावर चालवायचं गोल मशीन फार तर ३,००० पर्यंत जातं, आणि जाणता माणूस तेही निम्म्यावर ठेवून काम करतो. ग्राइंडर दोन सेकंद एका जागी रेंगाळला तरी रंग भाजून निघतो. त्या वेगाला स्पंज सुटून उडाला तर खालची उघडी चकती थेट पत्र्यावर बसते. फुकटात मिळालेलं ते काम एका बॉनेटच्या रंगकामाला पडेल.

आता बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही लिहिता, 'ओरखडे निघून जातील ना?' सगळेच असं म्हणतात, मीही वर्षानुवर्षं म्हणत होते. पण मशीन घेण्याआधी या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. ओरखडा म्हणजे रंगावर बसलेला मळ नव्हे, ती खाच आहे. खाच काढून टाकता येत नाही. तिच्या भोवतालचा भाग खाचेच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. सुतार फळीवरची खाच घालवण्यासाठी रंधा मारतो तेव्हा फळीच तेवढी पातळ होते. पॉलिशचंही तसंच आहे. पॉलिश या शब्दाने आपल्याला वाटतं की काहीतरी चोपडलं, चढवलं. प्रत्यक्षात पॉलिश म्हणजे अतिशय बारीक रंधाकाम.

आणि ही फळी किती जाड आहे? कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर तुमचा काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. आपल्याला ज्यावर काम करायचं आहे तो क्लिअर कोट यातला जेमतेम ३५ ते ५०. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपलं सगळं काम केसाहून पातळ थरात चालतं. नीट, हलक्या हाताने केलेलं एक पॉलिश त्यातले एक ते तीन मायक्रॉन नेतं. हा थरच खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो, त्यामुळे तो सगळा वापरून टाकायचा नसतो. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांच्या छतावर पांढरे चट्टे आणि सुटलेले पापुद्रे तुम्ही पाहिले असतील. क्लिअर कोट संपला की तसं होतं, आणि मग पॉलिश करून काही उपयोग नसतो.

म्हणून 'लवकर' आणि 'कायमचे' या तुमच्या दोन्ही शब्दांवर माझं म्हणणं असं: लवकर होणं ही इथे चांगली गोष्ट नाही. आणि कायमचं होणं हे मशीनच्या हातात नाहीच. ते कोणाच्या हातात आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

तुम्ही बाबांविषयी फार हळुवार लिहिलं आहे. फडक्याचा उल्लेख आहे, पण त्यापुढे वाक्य नाही. ते मी लिहिते: ते जाळं त्या फडक्याचं आहे. रात्रभरात गाडीवर बसलेल्या धुळीत मातीचे, वाळूचे, बांधकामाच्या धुरळ्याचे टोकदार कण असतात. कोरड्या फडक्याने पुसलं की ते कण फडक्याखाली दाबले जातात आणि क्लिअर कोटवर ओढले जातात. एका दिवसात काहीच दिसत नाही. हजार दिवसांत जाळं होतं. एक गंमतीची गोष्ट म्हणजे ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे गेलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं दिसतात. जागा बदलून पाहा, जाळं तुमच्याबरोबर सरकेल. काळ्या रंगावर ते जास्त दिसतं. पांढऱ्या गाडीवर तेवढेच ओरखडे असून लपून जातात.

तुमचा बेत त्यांना न सांगण्याचा आहे. तो का, ते मला कळतं. ज्या कामात त्यांचा जीव रमतो त्यानेच गाडी खराब झाली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? पण ताई, न सांगता पॉलिश केलंत तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पिवळं फडकं परत गाडीवर येईल. उलट गाडी इतकी सुंदर झालेली पाहून ते दोनदा पुसतील. वर्षभरात जाळं परत दिसायला लागेल, तुम्ही परत मशीन काढाल, परत दोन मायक्रॉन जातील. हे असं चार-पाच वेळाच करता येतं. त्यामुळे मशीन कोणतं, या प्रश्नाच्या आधी हे बोलणं येतं. गावी जायच्या आधीच बोला. संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च लावून बॉनेट दाखवा आणि धुळीचं कारण सांगा. 'तुमच्यामुळे' हा शब्द मध्ये येऊच द्यायचा नाही. निवृत्त माणसाला कामातलं कारण कळलं की तो ते आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतो, असा माझ्या घरातला अनुभव आहे. पुसायचं काम त्यांच्याकडेच राहू दे. फक्त साधन बदलायचं.

साधन काय? बागेत औषध फवारायला मिळतो तसा दोन लिटरचा हातपंपाचा फवारा घ्या. आधी पाण्याने धूळ खाली उतरवायची आणि मग ओलं, जाड, मऊ मायक्रोफायबरचं कापड चौघडी घालून फक्त सरळ रेषेत, न दाबता फिरवायचं. चौघडीला आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. नुसती धूळ असेल आणि पाण्याचा तुटवडा असेल तर त्या दिवशी हात लावायचा नाही. धुळीची गाडी तशीच राहिली तर काही बिघडत नाही. सोसायटीत एका बादलीत दहा गाड्या पुसून घेणाऱ्या सगळ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. बादलीच्या तळाशी बसलेला गाळ अकराव्या गाडीवर जातो. आणि धुळीने भरलेल्या गाडीवर तसंच कव्हर ओढू नका, ते वाऱ्याने हलतं आणि रात्रभर घासत राहतं.

आता मशीन.

गोल मशीन म्हणजे रोटरी, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'बफिंग मशीन' म्हणतात ते, एकाच आसाभोवती फिरतं. जातं जसं खुंट्याभोवती फिरतं तसंच. दाबलं तरी ते थांबत नाही, जोर लावून फिरतच राहतं. म्हणून ते झपाट्याने कापतं, आणि म्हणूनच उष्णता एका जागी साठते. सराव नसलेल्या हातून दोन गोष्टी होतात. एक, दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उठावाच्या रेषा, जिथे रंग मुळातच सगळ्यात पातळ असतो, तिथे क्लिअर कोट जळतो. दोन, ओरखडे जातात पण त्या जागी पंख्यासारखे लांब चमकते पट्टे राहतात, ज्यांना होलोग्राम म्हणतात. सावलीत दिसत नाहीत, उन्हात दिसतात. काळ्या गाडीवर तर ते मूळच्या जाळ्याहून वाईट दिसतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी उसनं आणलेलं रोटरी मी माझ्या गाडीच्या डिकीवर चालवलं होतं. मधला भाग इतका सुरेख निघाला की मी खुशीत कडेपर्यंत गेले. बोटभर लांबीची करडी रेघ एका क्षणात उघडी पडली. प्रायमर होता तो. पूर्ण डिकी रंगवावी लागली, आणि नवी छटा बाकीच्या गाडीशी शेवटपर्यंत नीट जुळली नाही. रोटरी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रंगकामाच्या दुकानात, पॉलिशपेपर मारलेल्या रंगावर, रोज ते चालवणाऱ्याच्या हातात ते उत्तम आहे. पहिल्यांदा मशीन धरणाऱ्याने काळ्या गाडीवर ते चालवू नये.

ड्युअल ॲक्शन म्हणजे चाळण. पीठ चाळताना आपला हात लहान वर्तुळात हलतो, आणि त्या हलण्याने चाळण स्वतःही हळूहळू फिरत राहते. या मशीनची चकती तशीच दोन गतींत फिरते: मोटर तिला छोट्या वर्तुळात हलवते, आणि स्वतःभोवती ती मोकळी फिरते. ती मोकळी आहे हीच तुमची सुरक्षितता. कडेवर चढलं, तिरकं धरलं, जास्त दाबलं तर तिचं स्वतःभोवती फिरणं थांबतं, नुसती थरथर राहते. ओरखडा जाणार नाही, पण रंगही सहसा जळणार नाही. चुकलात तर काम होत नाही, नुकसान क्वचितच होतं. शिकणाऱ्याला याहून काय हवं? हट्टाने एकाच कडेवर दाबत राहिलं तर यानेही रंग जातो, हे मात्र ध्यानात असू द्या.

तर ९,५०० चं घ्या. पण दिसेल ते कोणतंही नको. त्याच्या माहितीत मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो, त्याला थ्रो म्हणतात. चकतीचा मध्य ज्या वर्तुळात हलतो त्याचा तो व्यास. बाजारात ८, १२, १५ आणि २१ हे आकडे दिसतील. १५ आणि २१ हे मोठे आकडे रूढ झाले ते मुख्यतः रुपेस या इटालियन कंपनीच्या मशीनमुळे. आता बरेच जण तसे बनवतात. थ्रो जेवढा मोठा तेवढं सपाट जागेवर काम लवकर होतं, आणि तेवढंच वळणावर, खोलगट जागेत मशीन लवकर थांबतं. २१ हे मोठ्या एसयूव्हीच्या पसरट छतावर, रोज गाड्या करणाऱ्याला शोभतं. सेदानचं बॉनेट आणि दारं वळणांची असतात. तुमच्यासाठी १५ मिमी, पाच इंची चकतीचं. ज्यांचं बजेट आणखी कमी आहे त्यांनी ८ किंवा १२ चं चांगल्या बनावटीचं बिनधास्त घ्यावं. थोडा वेळ जास्त लागेल एवढंच. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीने गाजवलेला एक तिसरा प्रकार आहे, ज्यात चकती हलतेही आणि गिअरच्या जोराने फिरतेही, दाबलं तरी न थांबता. तो ताकदवान आहे, पण मघाची मोकळेपणाची सुरक्षितता त्यात नाही, म्हणून पहिल्या मशीनसाठी मी तो सुचवत नाही.

वॉटचं काय? तुम्ही तोच आकडा आधी विचारलात, आणि जाहिरातीतही तोच सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो. या कामात ओरखडा समतल करतं ते पॅड, म्हणजे चकतीवर लावायची मऊ गादी, आणि पॉलिश. मशीन त्यांना फक्त हलवतं. ७०० ते ९०० वॉट भरपूर झाले. त्यापेक्षा पुढच्या गोष्टी पाहा. दाब दिल्यावर वेग टिकतो का. बटण दाबल्यावर हळू सुरू होतं की झटका देतं. झटका दिला तर पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर उडतात. थरथर किती आहे. शक्य असेल तर दुकानात पाच मिनिटं चालवून पाहा, हाताला मुंग्या आल्या तर ते मशीन तुमचं नाही. कार्बन ब्रश आणि चकती सुटी मिळते का, पुण्यात दुरुस्ती कुठे होते. मशीनचं आतलं वजन त्याच्या मूळ चकतीच्या मापाला तोलून बसवलेलं असतं, म्हणून सहा इंची घेऊन त्याला तीन इंची चकती लावायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका.

वजन साधारण अडीच-तीन किलो. घागरीहून हलकं. बॉनेटवर आणि छतावर मशीनचं स्वतःचं वजन बरंचसं काम करतं, तुम्ही फक्त दिशा द्यायची. दारांवर मात्र ते हातावर येतं आणि खांदे भरून येतात. म्हणून सपाट भाग एका दिवशी, उभे भाग दुसऱ्या दिवशी. ड्रिल धरलेलं नसणं हा दोष मानू नका. ज्यांना ताकद लावायची सवय असते त्यांना या मशीनवर आधी ती सवय सोडावी लागते.

पैशांचा हिशेब मात्र ९,५०० वर संपत नाही. एक पॅड घेऊन पूर्ण गाडी करायला निघालेले लोक निम्म्यात कंटाळतात, कारण पॅड पॉलिशने आणि निघालेल्या क्लिअर कोटने भरतं, तापतं आणि कापणं सोडून देतं. मध्यम पॉलिशिंगचे चार फोम पॅड, फिनिशिंगचे दोन, आणि हट्टी जागेसाठी मायक्रोफायबरची दोन घ्या. पॅड चकतीपेक्षा अर्धा इंच मोठं असावं, म्हणजे चकतीची कड रंगाला लागत नाही. एक बारीक पॉलिश, एक मध्यम कंपाउंड (पॉलिशचाच जास्त कापणारा प्रकार), क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी), मास्किंग टेप, दहा-बारा मऊ कापडं. हे सगळं मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत जातं. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही असं तुमच्याकडे पाळत असतील तर हे सगळं आधीच मागवून ठेवा.

आता डिटेलिंगवाल्याचे २२,०००. हा पर्याय मी उडवून लावणार नाही. गाडी एकच, वेळ कमी आणि या कामाची आवड नाही, अशा माणसाने चांगल्या माणसाकडे जावं. पण त्याला तीन गोष्टी विचारा. रंगाची जाडी मोजून आकडे देणार का? एकाच भागाचा नमुना करून उन्हात दाखवणार का? आणि कोटिंगशिवाय नुसत्या पॉलिशचे किती? सिरॅमिक कोटिंग ओरखडे घालवत नाही. ते आधी पॉलिशनेच घालवावे लागतात. कोटिंग त्यावर बसतं आणि खाली राहिलेलं सगळं तसंच झाकून ठेवतं. त्याने पाणी घसरतं, गाडी धुणं सोपं जातं. कोरड्या फडक्यापासून ते वाचवत नाही. 'कोटिंग केलं की पुसा कसंही' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. नाक्यावरच्या स्वस्त 'रबिंग-पॉलिश'चीही एक गंमत सांगते: पुष्कळदा त्यात तेलकट भराव असतो, जो खाचा भरून लपवतो. गाडी दोन आठवडे झळकते, चार धुण्यांत जाळं परत वर येतं.

तुमच्या पत्रातला सूर मला असा वाटतो की हे काम तुम्हाला स्वतःच्या हाताने करायचं आहे. बाबांसाठी करायचं आहे. तसं असेल तर करा, आणि असं करा.

पहिल्या दिवशी मशीनला हातही लावू नका. गाडी भरपूर पाण्याने धुवा, शाम्पूने, एका बादलीत साबण आणि दुसरीत नुसतं पाणी ठेवून. मग पत्र्यावरून हात फिरवा. खरखरीत लागलं तर ब्रेकची धूळ, उडालेल्या रंगाचे कण चिकटलेले आहेत. ते ओल्या पृष्ठभागावर क्ले बारने काढा, नाहीतर मशीनखाली तेच कण नवे ओरखडे पाडतील. मग ओरखड्यांवरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर ती खाच खोल आहे, तिचा नाद सोडा. कडा थोड्या मऊ झाल्या, कमी दिसू लागली, तेवढ्यावर समाधान माना. एका किल्लीच्या ओरखड्यापायी पूर्ण दाराचा क्लिअर कोट घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

रंगवलेल्या मागच्या डाव्या दाराची गोष्ट वेगळी. तिथला रंग कारखान्यातल्यासारखा मोठ्या उष्णतेवर भाजलेला नसतो. तो मऊ असू शकतो, जाडीही वेगळी असते. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र कोणाकडून तरी अर्ध्या तासासाठी मिळवा. ते सगळ्या थरांची एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरीही कुठे ९० मायक्रॉनच्या खाली आकडा दिसला तर तिथे थर पातळ आहे, कदाचित आधी कोणीतरी बफिंग करून गेलं आहे, असं समजा आणि ती जागा सोडा. दुसऱ्या बाजूने, दोनशेच्या वर आकडा म्हणजे नव्याने रंगवलेलं, कदाचित खाली पुट्टीसुद्धा. ते दार शेवटी करा, सगळ्यात मऊ पॅडने.

दुसऱ्या दिवशी सावलीत, पत्रा थंड असताना, कडा, उठावाच्या रेषा, रबर आणि काळं प्लास्टिक यांवर टेप लावा. मशीनची वायर खांद्यावरून मागे सोडा, ओढणी आणि सैल बाह्या आवरा, चष्मा आणि मास्क घाला. बॉनेटवर दीड फूट लांब-रुंद चौकोन आखा. तेवढाच. बारीक पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके मध्यम पॅडवर घ्या. मशीन बंद असताना पॅड रंगावर टेकवा आणि मग सुरू करा. सगळ्यात कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग मशीनवरच्या वेगाच्या आकड्यांत चार किंवा पाचवर आणा. आता हात हळू. सेकंदाला एक-दीड इंच, आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत, एकदा उभं, एकदा आडवं, असे चार ते सहा फेरे. चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसते तोवर काम चालू आहे. रेघ थांबली तर दाब कमी करा किंवा मशीन सपाट धरा. मधूनमधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बंपरवर जास्त जपा, प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही.

मग तो चौकोन पुसा, त्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा आणि परत पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, त्यामुळे हे केल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. टॉर्च लावा. सत्तर-ऐंशी टक्के जाळं गेलेलं दिसलं तर पूर्ण गाडी याच पॉलिशने, याच पॅडने करा. नसेल गेलं तरच मध्यम कंपाउंड, त्यानेही भागलं नाही तर मायक्रोफायबरचं पॅड, आणि त्यानंतर त्याच चौकोनावर परत बारीक पॉलिश. उलट क्रमाने कधीही नाही. प्रत्येक चौकोनानंतर पॅड मऊ ब्रशने झाडा, दोन-तीन चौकोनांनंतर बदला. पूर्ण सेदानला आठ-दहा तास सहज लागतात, म्हणून दोन दिवस धरा. शेवटी मेण किंवा सीलंट (मेणासारखाच संरक्षक लेप) यांचा पातळ थर द्या.

शंभर टक्के जाळं घालवायचा हट्ट मात्र करू नका. उरलेलं वीस टक्के घालवायला सगळ्यात जास्त क्लिअर कोट जातो, आणि ही गाडी तुम्हाला अजून दहा वर्षं वापरायची आहे.

एक सुचवते, पटलं तर पाहा. तो पहिला चौकोन बाबा गावी जाण्याआधीच करा, त्यांच्यासमोर. टॉर्च त्यांच्या हातात द्या. अर्धं बॉनेट जाळ्याचं आणि मध्ये दीड फुटाचा काळा आरसा, हे पाहिल्यावर तुम्हाला फडक्याविषयी फारसं बोलावंच लागणार नाही. बाकीची गाडी ते गावी असताना करा. परतल्यावर चकित व्हायचं ते तरीही होतीलच.

आणि दसऱ्याला हार ग्रिलला दोऱ्याने बांधा, तारेने नको, आणि लोंबता ठेवू नका. गाडी चालवली की तो बॉनेटवर घासतो. हळद-कुंकू नंबर प्लेटवर किंवा काचेवर वाहा. संध्याकाळी हार उतरवा, कारण झेंडूच्या ओल्या पाकळ्या आणि हळद रात्रभर रंगावर राहिल्या तर डाग धरतात. उतरवल्यावर फवाऱ्याने पाणी मारून ओल्या कापडाने पुसायचं काम बाबांना द्या.